सात नंबरचं पत्रक

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची, आणि दारातच मन प्रसन्न झालं. अठ्ठावीस वर्षं म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषागृहं तपासत फिरतेय, पण इतकी नीट कापलेली हिरवळ क्वचितच पाहिली. दर्शनी खोलीत वेताच्या खुर्च्या, फुलदाणीत ताजी फुलं, भिंतीवर रहिवाशांनी रंगवलेली चित्रं. भेटायला येणाऱ्यांना इथेच बसवतात. आत जंतू जायला नकोत म्हणे. इथल्या मुख्य परिचारिकेला सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. त्या स्वतः दारापर्यंत आल्या. उंच, शांत, नखं अगदी स्वच्छ. माणसाची नखं मी आधी बघते.

गेल्या वर्षी याच जागेची तपासणी मी ऑफिसात बसून, नुसते कागद मागवून केली होती. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले. दोन कापले ते कूस-पत्रकातल्या खाडाखोडीसाठी. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर अंगाला जखमा होतात. कूस कधी बदलली, काय खाल्लं, सगळं त्या पत्रकावर येतं आणि पत्रक खाटेच्या पायथ्याशी टांगतात. मोठ्या बाई हसून म्हणाल्या की मॅडम, तुमच्या त्या दोन गुणांनी आम्हाला फार शिकवलं, आता एक रेघ खोडलेली सापडली तर सांगा. मला बरं वाटलं. आपलं बोलणं कुणी मनावर घेतलेलं कुणाला आवडत नाही?

या खेपेला शनिवारपर्यंत राहूनच तपासायचंय, आणि या खेपेला जीवही अडकलाय. दादाने आईचं नाव इथे घालून ठेवलंय. वहिनीची पाठ गेलीय, तिला आईला उचलणं झेपत नाही, आणि मी सदा फिरतीवर. शनिवारी मी हो म्हटलं की रविवारी तो आईला आणून सोडणार. अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी मला 'पिल्लू' म्हणतो, पण अशा वेळी शब्द पिल्लाचाच लागतो.

अहवालाची बावीस पानं आहेत. नेहमीसारख्या सगळ्या पानांवर आधीच सह्या करून टाकल्या. मजकूर मागाहून सावकाश भरते, म्हणजे शेवटच्या दिवशी हात दुखत नाही. माझ्या सहीशेजारी इथला शिक्का लागतो, म्हणून मोठ्या बाई पानं ऑफिसात घेऊन गेल्या.

कवळी काढून बेसिनवरच्या पेल्यात ठेवलीय. वरचे सगळे दात पन्नाशीतच गेले. हिरड्या आईच्या, जबडाही आईचाच. एकदा घरी चुकून तिचीच कवळी घातली आणि दुपारपर्यंत पत्ता लागला नाही. शेवटी लवंगेच्या चवीने कळलं, कारण आई कवळीच्या पाण्यात दोन लवंगा टाकते. दादा अजून त्यावरून चिडवतो.

मंगळवार, ४ तारीख

सकाळी पेला रिकामा.

मला वाटलं, पडली असेल. ओणवी होऊन बेसिनखाली शोधली. मग मावशी आली. इथे झाडलोट, आंघोळी, भरवणं सगळं तीच बघते. ती सहज म्हणाली की अहो मॅडम, सकाळी सगळ्यांचे दात मी एकदमच धुते, तुमचेही नेले. मी तिच्या मागोमाग मोरीत गेले.

प्लास्टिकचा टब होता. त्यात तीस-पस्तीस कवळ्या. पाणी कोमट आणि दुधासारखं गढूळ, वर साय धरल्यासारखा थर, त्यात कालच्या जेवणाचे कण. मी विचारलं की कुणाची कुठली हे कसं ओळखता. ती म्हणाली, आधी नावाच्या चिठ्ठ्या होत्या, गरम पाण्यात सुटल्या. आता ज्याला जी बसेल ती त्याची. तासभर कुरकुरतात, मग सवय होते.

बाहीचं बटण काढून मी त्या टबात कोपरापर्यंत हात घातला. बुळबुळीत, निसटणारे दात एकेक करून चाचपले. माझ्या कवळीच्या उजव्या सुळ्याचा टवका उडालेला आहे. ती टबात नव्हती.

नाश्त्याला मिळाली. सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारी आहे, पूर्वी शाळेत शिकवायची, सगळे तिला मास्तरीण म्हणतात. ती चहात बुडवलेला पाव चावत होती आणि तिच्या तोंडात टवका उडालेला सुळा वर-खाली होत होता. बिचारीनेच काढून माझ्या हातावर ठेवली. लाळेची तार तिच्या ओठापासून माझ्या बोटापर्यंत लोंबत आली. कवळी तीनदा उकळली, मगच तोंडात घातली. दिवसभर जेवले नाही.

याचे दहा गुण कापणार. मोठ्या बाईंना तसं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या की जरूर लिहा, मॅडम, पानं शिक्के मारून झाली की देतेच.

बुधवार, ५ तारीख

आज मागचा हॉल पाहिला. बारा खाटा. दार उघडलं आणि वास अंगावर आला. मुताचा, फिनेलचा, आणि त्या दोन्हींच्या खाली गोडसर सडका असा तिसरा. रुमाल नाकाला लावून आत गेले.

अंग पुसण्याची वेळ होती. एक बादली, एक फडकं. एक नंबरपासून सुरुवात. ढुंगण, मांड्या, मग त्याच फडक्याने तोंड. पिळलं, पुढची खाट. बारा नंबरच्या आजोबांपर्यंत पोचलं तेव्हा ते फडकं कुठल्या रंगाचं होतं हे लिहवत नाही. आजोबांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

मास्तरणीला मी स्वतः कुशीवर वळवलं. कंबरेखाली वाटीएवढं भोक. कडा काळ्या, मधे पिवळं, आणि खोल आत पांढरं काहीतरी दिसत होतं. ते हाड आहे हे कळायला मला वेळ लागला. मग मला शिसारी आली, आणि शिसारी आली याची शरम वाटली, कारण ती मान वळवून माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती.

तिचं पत्रक हातात घेतलं. अक्षर मोत्यासारखं. आठला डावी कूस, दहाला उजवी, बाराला डावी. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बाराची नोंद झालेली होती. दोनचीही. गुरुवारचीही. थेट रविवार संध्याकाळपर्यंत सगळे रकाने भरलेले, प्रत्येक रकान्याखाली सही.

मास्तरीण पुटपुटली. कुणाच्या तरी मोठ्या कवळीमुळे तिचे शब्द सांडतात, कान तोंडाशी न्यावा लागला. ती म्हणाली की सोमवारी सकाळी आठवडा लिहून टाकतात, मग आम्हाला त्यात बसवतात. 'अर्धी वाटी खाल्ली' असं लिहिलेलं असलं की अर्ध्यावर वाटी काढून घेतात, कितीही भूक असली तरी. 'दुपारी चार, लेखन, अर्धा तास' असं आहे म्हणून पेन्सिल देतात. साडेचारला काढून घेतात, वाक्य अर्धं असलं तरी.

आई इथे येणार नाही. जीव गेला तरी नाही. दादाला आत्ताच फोन करावासा वाटला, पण अहवाल पुरा होण्याआधी घरच्यांनाही काही सांगायचं नाही हा माझा नियम. शनिवारी सांगीन.

गुरुवार, ६ तारीख

मास्तरीण सकाळी नऊच्या सुमारास गेली. मी तिथेच होते. तोंड उघडं राहिलं आणि वरची कवळी घसरून खालच्या ओठावर आली. मावशीने ती काढून टबात टाकली. तोच हात पुसून अकरा नंबरला बिस्कीट भरवलं.

दहा वाजता पत्रक पाहिलं. दहाला उजवी कूस. बाराला अर्धी वाटी. चारला लेखन. तसंच.

मोठ्या बाईंना गाठलं. माझा आवाज चढला होता. विचारलं की मेलेल्या बाईची कूस कोण बदलणार आहे. त्या जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या की पत्रक रविवारपर्यंत लिहून झालंय, आता खोडलं तर तुम्हीच गुण कापाल. गेल्या वर्षीच्या अहवालात तुम्हीच लिहिलं होतं ना, नोंद आणि वस्तुस्थिती यांत फरक दिसता कामा नये? नोंद तर बदलता येत नाही, मॅडम.

आणि माझ्याकडे बघितलं. माझे पांढरे केस, माझी उंची. माप घेतल्यासारखं.

आज निघते. पानं मागितली तर म्हणे शिक्के वाळतायत. न घेताच निघते. मळमळ थांबत नाही. मावशीने त्यावर गोळी दिली, ती घेतलीय. जरा डोळे जड झालेत. पाच मिनिटं पडते, मग दादाला फोन, मग बॅग

शुक्रवार, ७ तारीख

चार वाजले असणार. मावशीने पेन्सिल दिली. वहीही तिनेच बॅगेतून आणून दिली. लेखन.

सात नंबर. गादीला मधे खळगा आहे आणि तो ओला आहे. माझा नाही तो ओलावा. तिचा.

पाय हलत नाहीत. जीभ सुजल्यासारखी. गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, पत्रकावर आहेत.

सकाळी मावशी टबातली कवळी घेऊन आली. आजी, तोंड उघडा, म्हणाली. कालपर्यंत मॅडम होते. मी ओठ मिटले, बारा नंबरसारखे. तिने नाक दाबलं. मोठी कवळी, सैल, टाळ्याला बुळबुळीत. कुणाचं तरी कालचं जेवण माझ्या जिभेवर आलं. ओकले तर तेच परत—

अर्धी वाटी. राखाडी लगदा. शरम वाटते, पण उरलेली अर्धी हवी होती.

मोठ्या बाई येऊन गेल्या. म्हणाल्या की फक्त रविवारपर्यंत, पत्रक संपलं की झालं. अगदी प्रेमाने म्हणाल्या. रविवार. दोन दिवस. काढीन.

शनिवार, ८ तारीख

दादाचा फोन आला होता. मोठ्या बाईंनीच सांगितलं, उशी नीट करत. म्हणाल्या की तुमच्या बंधूंना कळवलंय, मॅडमना तातडीने पुढच्या तपासणीला जावं लागलं, पण अहवाल झालाय. बावीस पानं. शंभरपैकी शंभर. प्रत्येक पानावर सही. दादा म्हणाला म्हणे की पिल्लूची सही आहे तर मग प्रश्नच नाही.

ओरडले. पोटापासून ओरडले. या दातांतून शब्द होत नाहीत, नुसता घोगरा आवाज. पाच नंबरही ओरडली, नऊ नंबरही. इथे ओरडणारी मी एकटी थोडीच आहे. मावशीने रेडिओ मोठा केला.

कंबरेखाली गरम वाटतं. ठणकतं. दोनला उजवी कूस लिहिलंय. कुणी आलं नाही. लिहिलंय म्हणजे झालं. मीच तर—

फडकं आज सात नंबरला आलं तेव्हा—

नाही लिहीत.

रविवार, ९ तारीख

गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा. दादा तसाच वाजवतो. सगळेच वाजवतात. दुसरं कुणी असेल.

भेटायला येणारे दर्शनी खोलीच्या पुढे येत नाहीत. फुलदाणी. वेताच्या खुर्च्या. त्याला सगळं छान दिसेल. मलाही दिसलं होतं.

तो आला नसेल. मी तोंडाने हो म्हटलं नाही ना अजून. तो विचारील. विचारल्याशिवाय नाही आणणार.

आज पत्रक संपतं. संध्याकाळचा शेवटचा रकाना. मग उठायचं. मोठ्या बाई म्हणाल्यात तसं. मग—

सोमवार, १० तारीख

नवं पत्रक. सात नंबर. रविवारपर्यंत भरलेलं. चारला लेखन आहे अजून.

सकाळी टबातून नवीन दात आले. मावशी म्हणाली, बघा आजी, हे बसतील. नाक दाबावं लागलं नाही. मी आपणहून तोंड उघडलं. सवय होते.

बसले. अगदी नेमके बसले. कुठे टोचत नाहीत, कुठे हलत नाहीत. माझ्याच जबड्यावर बेतल्यासारखे. मला बरं वाटलं. देवा, मला बरं वाटलं.

मग चव आली.

लवंग.

दादा, मी हो म्हटलं नव्हतं.

कुठल्या खाटेवर ठेवलंय तिला. मान वळत नाही. पलीकडे कुणीतरी पुटपुटतंय, दातांशिवाय, नुसत्या हिरड्यांनी. हाक मारल्यासारखं. माझ्या तोंडात तिचे दात आहेत, मी ओ दिली तर तिला कळे—

साडेचार. मावशी येतेय. आई, मी इथे आहे, तुझ्याच