हिरवी वायर

नांदे, ता. मुळशी
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. अपेक्षा,

काकांचा आणि काकूचा आशीर्वाद. पोस्टाचं पत्र बघून तू हसशील, नाहीतर न वाचताच ठेवून देशील. मोबाईलवर चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. कागदावर लिहिलेलं पुसता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

इकडे सगळे बरे आहेत. गौतमीकाकूचा गुडघा आहे तसाच. बोअरचं पाणी खाली गेलंय, त्यामुळं वरच्या मजल्यावरची आयटीतली पोरं रोज सकाळी दारात येऊन "अंकल, पानी" करतात. टँकर, मोटर, कचऱ्याची गाडी, यात दिवस जातो. शेती होती तेव्हा अंग दुखायचं, आता नुसताच थकवा. झोपून उठलं तरी जात नाही.

शनिवारी मी तुझ्या मारुंजीच्या खोलीवर आलो आणि पाणीसुद्धा न पिता माझा जुना अँप्लिफायर, तुमच्या भाषेत अँप, उचलून घेऊन गेलो. तू जिन्यात म्हणालीस, "काका, बाबा गेल्यापासून घरात कुणी वाजवलेलं तुम्हाला चालतच नाही. सरळ सांगा ना तसं." तू दार आपटलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही आपटलं असतं.

त्याचंच कारण लिहायला बसलोय. पण आधी तू विचारलं होतंस त्याची उत्तरं देतो, ती राहिलीच.

खोलीत सराव करायला वीस-पंचवीस वॅटचा अँप पुष्कळ झाला. फक्त तो बास गिटारचाच घे. साध्या गिटारच्या अँपवर बास वाजवला की त्याचा स्पीकर फाटतो, आमच्या ऑर्केस्ट्रात दोन फाटलेत. कंपनीच्या बँडमध्ये ड्रमसोबत वाजवायचं असेल तर शंभरच्या खाली जाऊ नकोस. दुकानातला पोरगा सगळी बटणं फिरवून झकास आवाज काढून दाखवेल, त्याला भुलू नको. आपला बास घेऊन जा, सगळी बटणं मध्यावर ठेवायला लाव आणि मग वाजव. मध्यावर जो गोड लागत नाही तो घरी आणून गोड होत नाही. खोलीत कोपऱ्यात ठेवू नको, आवाज गुबगुबतो आणि खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात. खाली दुधाचा रिकामा क्रेट घाल.

तुझ्याकडं आलेल्या माझ्या बासच्या तारा बदल. त्या नऊ वर्षांच्या आहेत. चारही एकदम सोडू नको, एक काढायची, एक लावायची, नाहीतर बासची मान हलते. माळ्यावरच्या उकाड्यानं तिला बाक आला असणारच. तारा फार उंच लागत असतील तर मानेतली सळई ॲलन-कीनं पाव फेरा पिळ आणि एक दिवस थांब. लगेच दुसरा फेरा नको. लाकडाला वेळ लागतो. आणि पट्टा रुंद घे गं बाई, चार बोटं तरी. अरुंद पट्ट्यानं माझ्या डाव्या खांद्याची वाट लागली ती लागलीच.

बघ, पान भरलं. आता नुसत्या पट्ट्यावर अजून एक पान लिहीन, माझं मला कळतंय. पुरे झालं.

शनिवारी तुझा मेसेज आला तेव्हा मी पौडला होतो, भाडेकरूंचे कागद द्यायला. तू लिहिलं होतंस, "काकूनं तुमचा बास आणि अँप काढून दिला! चालू झाला! बँडमधला मनीष म्हणतो एवढ्या जुन्या अँपमध्ये जरासुद्धा घरघर नाही, कमाल आहे!" मी तो मेसेज रांगेत उभ्या उभ्या वाचला आणि रांग सोडून बाहेर आलो. तुला फोन करून ओरडलो, "मेन बटण बंद कर. अँपला हात लावू नको. मी येतोय." तू का म्हणून विचारलंस. मी म्हणालो, जुना आहे, जळेल. ते खोटं होतं.

घरघर का येत नाही, ते मला माहीत आहे.

तीन पिनांच्या प्लगमध्ये एक हिरवी वायर असते, अर्थिंगची. अँपच्या पत्र्यात कुठं करंट उतरला तर तो माणसातून न जाता जमिनीत जावा, एवढंच तिचं काम. पण कार्यक्रमाच्या ठिकाणी जनरेटर, मिक्सर, चार ठिकाणच्या वायरी एकत्र आल्या की कधीकधी तिच्यामुळंच अँप घूंऽऽ करत बसतो. ती तोडली की घूं बंद. आमच्या वेळी ऑर्केस्ट्रातले सगळे असंच करायचे, आणि ज्याला ते जमायचं त्याला लोक हुशार म्हणायचे. मला जमायचं.

तुला घरात सांगितलं गेलं ते असं, की बाबा कासार आंबोलीला एका बंगल्यावर हळदीला गायला गेले, लाईटवाल्यानं वायरिंग वाईट केलं होतं, आणि शॉक लागून गेले. यातला लाईटवाला सोडून बाकी खरं आहे.

दुपारचे चार वाजले होते. पाहुणे यायचे होते, आमचं नुसतं साउंड चेक चाललं होतं. बंगल्याच्या मालकानं नवीन लॉन लावलेलं, त्यावर नुकतंच पाणी मारलेलं. तो सारखा म्हणत होता, चपला काढा, गवत खराब होईल. शेखरनं, तुझ्या बाबांनी, लगेच काढल्या. मी अँपशेजारी लाकडी फळीवर उभा होतो, म्हणून माझे बूट पायातच राहिले. अँप घूं करत होता. मालक कानावर हात ठेवून आला आणि म्हणाला, हे काय लावलंय. मला राग आला. मी पक्कड काढली, प्लग उघडला आणि हिरवी वायर कापून टाकली. आवाज साफ. शेखर लांबून ओरडला, "आत्ता कसं, दादा! लोणी झालं लोणी!"

पुढची पाच मिनिटं आम्ही वाजवलं. माझ्या बोटांना झिणझिण्या येत होत्या, अपेक्षा. मला कळल्या होत्या. वाटलं, ओळीनं चार कार्यक्रम झालेत, बोटं थकली असतील.

मग शेखर हातात माईक घेऊन ओल्या गवतातून माझ्याकडं आला. म्हणाला, "दादा, बास अजून वर घी, पोटात वाजला पायजे." आणि त्यानंच वाकून अँपच्या पत्र्यावर हात टेकला.

मी प्लग ओढून काढला. लगेच काढला, पण उशीर झाला होता. लोक त्याला उचलायला धावले, आणि मी काय केलं असेल? प्लगसकट अँपची वायर गुंडाळून त्याच्या मागच्या खणात कोंबली. का, ते तेव्हा मलाही कळलं नाही. दवाखान्यात गेल्यावर कळलं.

लाईट आणि जनरेटर जयसिंगचा होता. आमच्याच वयाचा, मुळशीतलाच, हात जोडून बोलणारा माणूस. त्यानं लॉनच्या कडेला अर्थिंगची सळई ठोकली होती, वर मीठ-पाणी ओतलं होतं. मी शेजारीच चहा पीत उभा होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं. पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला काय म्हाईत न्हाई." एवढंच. आपल्या पोरांनी त्याला मारलं. केस चार वर्षं चालली, तो सुटला, पण तोवर त्याला कोणी मांडवाचं काम देईना. दहाव्याला तुझी आई, शुभांगी, घाटावर त्याला नाही नाही ते बोलली. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मी त्याच्या शेजारी उभा होतो. मीपण मान खालीच घातली होती. लोकांना वाटलं, भावाच्या दुःखानं.

त्यानंतर मी बासला हात लावला नाही. घरात कोणी गुणगुणलं तरी उठून जायचो. वाजवणं वाईट म्हणून नाही गं. ते माझ्या तोंडून बाहेर पडेल म्हणून. ती वायर मला दुरुस्त करवेना आणि टाकवेना. दुरुस्त केली असती तर मग पुरावाच गेला असता, आणि टाकली असती तरी गेला असता. नऊ वर्षं मी त्यावर विचार केला आणि नऊ वर्षं ती माळ्यावर पडून राहिली. शेवटी तुझ्या खोलीवर जाऊन पोचली. तुझा हात त्या पत्र्यावर टेकला असता तर मी काय केलं असतं, ते मला लिहवत नाही.

अजून एक सांगायचंय, तेच सगळ्यात जड आहे. तू फोनवर म्हणाली होतीस की अँप तिसऱ्या मजल्यावर तुमच्या वॉचमनकाकांनी चढवून दिला. शनिवारी खाली उतरवतानाही मला एकट्याला झेपेना. गेटवरून ते आले. मी वर बघितलं तर जयसिंग. केस पांढरे झालेत, पण हात तसेच आहेत. दोघांनी मिळून अँप खाली आणला. वायर लोंबत होती, ती त्यानं गोळा करून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सांभाळा कैलासराव, पायात ईल."

मग हळूच विचारलं, "शेखरची का ही? मला वाटलंच. नाक त्याचंच हाय."

मी मान हलवली.

"वाजवू द्या तिला," म्हणाला. "पन मी कोन त्ये सांगू नका. पोरगी घाबरंल, आन् माझी हितली नोकरी जाईल."

मी टेम्पोत बसलो आणि नांद्यापर्यंत रडत आलो. टेम्पोवाला बिचारा पाणी देत होता.

जयसिंगनं सांगू नका म्हटलं, तरी मी सांगतोय. त्याची एवढी एकच गोष्ट मोडतोय, कारण ती पाळण्यात माझाच फायदा आहे. उद्या सकाळी मी त्याच्याकडं जाणार, मग पिरंगुटला तुझ्या आईकडं, आणि तिथून ती म्हणेल तिथं. पोलिसांत म्हणाली तर पोलिसांत. अँप आणि ती वायर जशीच्या तशी ठेवलीय, दाखवायला. गौतमीला काल सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. तुला आधी लिहितोय, कारण बाप तुझा गेला. पत्र पोचेपर्यंत आईचा फोन आला असेल, तर तिचं ऐक आणि मग हे वाच.

माफ कर असं मी म्हणणार नाही. मला तेवढं तोंड नाही.

नवा अँप घेतलास की प्लगमधली हिरवी वायर कोणालाही कापू देऊ नको. मनीषला नाही, कुठल्या मोठ्या वादकाला नाही. घूं आला तर येऊ दे, लोकांना ऐकू दे. आणि खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते आधी बघून घे. मला विचारू नको. खाली गेटवर जा, त्यांना काका म्हण आणि वर बोलाव. चहा दे. ते जे सांगतील ते बरोबर असेल. नऊ वर्षांपूर्वीसुद्धा त्यांचंच बरोबर होतं.

बास वाजव. शेखर नेहमी म्हणायचा तसा, पोटात वाजला पाहिजे असा.

त्या दिवशी ज्याच्या हातात पक्कड होती,
तो तुझा काका,
कैलास