कोरडवाहू कप्तान

९ नोव्हेंबर, रविवार

बोट विकत घ्यायचं ठरवलंय. मी!

पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी धरणाच्या पाणीपातळीचे तक्ते टाइप करण्यात गेली. स्वतः पाण्यात पोटरीच्या वर कधी उतरलो नाही. 'रिटायर झाल्यावर काय करता, नंदकिशोरजी?' असं दिग्रसात कुणी विचारलं की 'बघू' म्हणतो. खरं उत्तर मोबाइलमध्ये आहे — केबिनवाली मोटरबोट, जुनी, आत दोघं झोपू शकतील अशी. खिडक्यांना पडदे. पुसद रोडला किसनराव म्हणून शेतकरी आहेत, त्यांच्याकडे उभी आहे. धरणाकाठचं कुठलंसं रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा हौसेनं उचलली म्हणे, पण पाण्यात कधी घातलीच नाही.

सुनीतीला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, मला पोहता येतं का. मी म्हटलं, पोहता येत असतं तर बोट कशाला घेतली असती? ती पुढे बोलली नाही. बायकोचं गप्प बसणं ही मी नेहमी परवानगी समजत आलोय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर व्हिडिओ. एक लाल दाढीचा गोरा जुन्या बोटी तपासायला शिकवतो. लाकडी हातोडीनं सगळीकडे ठोकायचं — चांगल्या जागी टणक आवाज, सडलेल्या जागी भद्द. सराव म्हणून धान्याची कोठी ठोकली, फ्रिज ठोकला, गच्चीवरची टाकी ठोकली. बाथरूमचं दार खालून सडलंय असा निष्कर्ष निघाला. सुनीती म्हणाली, ते ती दोन पावसाळे सांगतेय.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाहून आलो! सोबत गुलाबसिंग. आमच्या ऑफिसची जीप तो चालवायचा. आता त्याची स्वतःची व्हॅन आहे. मला अजून 'बाबू'च म्हणतो.

बोट शेडमध्ये, चाकांच्या गाड्यावर, कापसाच्या ढिगाशेजारी. पांढरी, नाक वर केलेली. किसनरावांच्या घरच्या इंदुताई शिडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या की आत कोंबडी बसली आहे, तिला उठवू नका. खरंच — ज्या बिछान्यावर मी मनातल्या मनात रोज झोपत होतो तिथं कोंबडी अंड्यांवर बसलेली. पडदे होते. पडद्यांमागे लसणाच्या जुड्या वाळत होत्या. मी केबिनमध्ये ताठ उभा राहिलो तर टाळकं आपटलं. कोंबडीनं माझ्याकडे असं बघितलं की मीच माफी मागितली.

मग खाली उतरून हातोडी काढली. किसनराव जरा हबकले. गुलाबसिंगनं त्यांना समजावलं, "बाबू शिकून आले मोबाइलवर. ठोकू द्या." नाकापासून सुरुवात केली. टण, टण. बाजूनं टण. मागे आलो — बोटीचं मशीन जिच्यावर बोल्टनं बसवतात त्या जाड फळीवर — आणि भद्द. पुन्हा ठोकलं. भद्दच. बाथरूमच्या दाराचा आवाज! मशीन खालून धरून वर उचलून पाहिलं, लाल दाढीवाला करतो तसं. मशीनसोबत फळी हलली आणि एका बोल्टच्या कडेनं काळपट पाणी झिरपलं. पावसाळ्यापासून आत मुरलेलं असणार.

मी सांगितलं की फळी आतून सडलीय. किसनराव म्हणाले, वरून तर चकाचक दिसते. गुलाबसिंगनं मशीन सुरू केलं — थंड राहावं म्हणून बादलीच्या पाण्यात नळी सोडून — आणि ते पहिल्या झटक्यात असं गुरगुरलं की त्याचा चेहराच बदलला. परत येताना व्हॅनमध्ये तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय त्याला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

किसनरावांना फोन करून नाही म्हटलं, कारणही सांगितलं. फोन ठेवल्यावर एवढं हलकं वाटलं की लाज वाटली. म्हणजे फळी चांगली निघू नये असंच मला आतून वाटत होतं की काय? शूर माणूस!

२६ नोव्हेंबर, बुधवार

बोट गुलाबसिंगनं घेतली.

सुनीतीला बाजारात रुपीबाई भेटली, त्याची बायको, तिच्याकडून कळलं. तो धरणाच्या बॅकवॉटरला बोट टाकणार, सुट्टीच्या दिवशी लोकांना फिरवून आणणार. तडक त्याच्या घरी गेलो. फळीचं काय केलंस, विचारलं. त्यानं फटींत पुटिंगचा लगदा भरला, वरून रंग मारला. लाइफ जॅकेट मागवलेत, येतीलच. मी म्हटलं, पुटिंगनं काय होतं, फळी आतून गेलीय, पूर्ण बदलावी लागेल.

तो हसला नाही. म्हणाला, "तुमाले नाई जमलं, बाबू. म्हणून म्याबी घेऊ नाई का?"

हेवा वाटतच होता. माझी बोट दुसऱ्यानं नेली, तीही माझ्या मागे उभं राहून बघून. आता फळीबद्दल मी बोलतोय की हेवा बोलतोय, हे मलाच धड कळेना. चहा न घेता उठलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

७ डिसेंबर, रविवार

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे, उद्या माझा स्वतःचाच विश्वास बसणार नाही.

बोटीचं उद्घाटन होतं. रुपीबाईचं बोलावणं आलं म्हणून गेलो. हसायचं, नारळाचा प्रसाद खायचा आणि घरी यायचं, एवढंच ठरवलं होतं. बॅकवॉटरच्या काठाला झेंडूच्या माळा घालून बोट उभी. तांड्यावरून नातेवाईक आलेले, लेकराबाळांसकट. गुलाबसिंगची नात खुशी आरशांचा फ्रॉक घालून सगळ्यात पुढे बसलेली. केबिन, टप, सगळीकडे माणसं. लाइफ जॅकेट आलेच नव्हते.

त्यानं मशीन सुरू केलं. मी काठावर, बोटीच्या मागच्या टोकाशी उभा होतो. नव्या रंगाला बोल्टच्या बाजूनं केसासारखी चीर गेली. माझ्या डोळ्यांदेखत.

आणि मी बोटीत चढलो. चढलो म्हणजे पडलो. गुडघा फुटला. तसाच केबिनच्या दारात बसलो आणि म्हटलं, ही लेकरं उतरल्याशिवाय मी उठणार नाही. आधी हसले सगळे. कुणी मोबाइल काढला. गुलाबसिंग जवळ येऊन वाकला, हळू आवाजात म्हणाला, "बाबू, माह्या नातीसमोर माही इज्जत नका काढू."

मी म्हटलं, "आधी तू एकटा चालव. काही झालं नाही तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो."

कुणी हलेना. मग रुपीबाई पाण्यात उतरली, लुगडं भिजवत, खुशीला उचललं आणि काठावर नेऊन ठेवलं. पोरगी रडायला लागली. मागोमाग बाकीच्या आया. बोट रिकामी झाली तेव्हा गुलाबसिंग म्हणाला, "उतरा आता. झालं ना तुमचं?"

त्यानं एकट्यानं मोठा गोल घेतला. मशीन झकास, फळी जागेवर. काठाला लागला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शब्द पाळला. हात जोडले, माफी मागितली. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तरी रुपीबाईनं आज कुणाला चढू दिलं नाही, हे तिचे उपकार.

घरी आल्यावर सुनीतीनं गुडघ्याला हळद लावली.

८ डिसेंबर, सोमवार

माझ्या पडण्याचा व्हिडिओ गावभर. क्षितिजनं पुण्याहून फोन केला — "बाबा, हे तुम्ही आहात?" दुर्दैवानं.

११ डिसेंबर, गुरुवार

गुलाबसिंग रोज एकटाच बोट काढतो म्हणे. जोरात चालवतो. दूधवाल्यानं मुद्दाम सांगितलं. म्हणजे मी चूक. हातोडी माळ्यावर टाकली. एका दाराच्या आवाजावरून मी मित्र घालवला.

१४ डिसेंबर, रविवार

त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावायचा धीर झाला नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

दुपारी गुलाबसिंग दारात. अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी सदरा, केस ओले. सुनीतीनं खुर्ची दिली, बसला नाही. वळण घेताना मागची फळी मशीनसकट उखडली, म्हणाला. पाणी मागून भरलं, बोट बघता बघता तळाला गेली. हा पोहून काठाला लागला.

मग त्यानं दाराची चौकट धरली.

"आज शाळा सुटल्यावर खुशीले नेणार होतो, बाबू," म्हणाला. "रुपीले न सांगता."