जिन्यातल्या गुडघ्याचे इंजेक्शन

प्रति,
मा. विभागप्रमुख,
अस्थिरोग विभाग,
सरकारी रुग्णालय.

विषय : पत्नीच्या वाट्याचे, चुकून मला दिले गेलेले इंजेक्शन तिला मिळणेबाबत.
संदर्भ : गुडघ्यांच्या झिजेवरील दोन इंजेक्शनांची आपल्या विभागाने केलेली तुलना.

महोदय,

१. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा कारागीर असून, सदर तुलनेत आम्ही उभयतांनी भाग घेतला होता. एकास स्टेरॉइड, दुसऱ्यास वंगणासारखे जेल; कोणास काय, हे रुग्णास कळू द्यायचे नाही, असा नियम होता. पहिला पुकारा पत्नीचा झाला. ही सुईला जन्माची भित्री. मला कोपराने ढोसून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. ओरडलात तर मी इथूनच घरी." मी ओरडलो नाही. परंतु ट्रेमध्ये क्रमाने ठेवलेली तिची सिरिंज माझ्या गुडघ्यात रिकामी झाली, व माझी तिच्या.

२. माझा गुडघा गप्प झाला. हिचा पायरीपायरीला करकरत राहिला. तेल घालू का, असे मी चिडवी. "माझं तेल तुम्हीच प्यायलात की," असे ती म्हणे. पुढे थंडीत ती न्यूमोनियाने वारली.

३. दोन्ही इंजेक्शनांत लक्षणीय फरक आढळला नाही, असे आपल्या फलकावर लागले आहे. महोदय, फरक आहे. दिवेलागणीला मी जिना चढू लागलो की दोन पायऱ्या मागून तीच करकर येते. मी थांबलो की तीही थांबते, दम खाते. शेजारी म्हणतात, तुमचाच गुडघा वाजतो. म्हणून तो आपल्याकडे तपासून घेतला; आवाज नसल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. मला भीती वाटत नाही, वाईट वाटते. तिचा आराम पायात घेऊन मी पुढे चालतो आणि ही मेल्यावरही तीन मजले कण्हत चढते.

४. ज्यास गुण आला नाही, त्यास शेवटी दुसरे इंजेक्शन देण्याचे आपण कबूल केले होते. त्यातून मृत व्यक्तींना वगळल्याचे कोठेही नमूद नाही. सबब, डॉक्टरांनी दिवेलागणीला आमच्या जिन्यात यावे. तिचा हात मी धरीन. ते नियमात बसत नसल्यास माझ्या गुडघ्यातले काढून घ्यावे, म्हणजे निदान बरोबरीने तरी चढू.

तिसऱ्या मजल्यावरून आपली वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
मशीनवाला
दिनांक : आजचाच

सोबत :
१. माझ्या गुडघ्याचा अहवाल.
२. हिची काठी. (पाहून लगेच परत करावी. तिला जिन्यात लागते.)