मेनूत वरून तिसरं

मिरजगाव, मंगळवार संध्याकाळ

बायकांच्या कॉम्प्युटर वर्गातला प्रोग्रॅमचा मेनू चार वर्षं मी स्वतः हाताने लिहीत आले. काल कंटाळून एक कमांड दिली आणि मशीननेच नवा मेनू बनवला, सगळं अकारविल्हे. किती खूश होते मी!

आज तालुक्याच्या मॅडम वर्ग बघायला आल्या. म्हणाल्या, "लेखन उघडा." बाराजणींनी एकदम क्लिक केलं आणि बाराही स्क्रीन काळ्या झाल्या. लाईट तर होती! मग डोक्यात आलं. 'लेखन' माझ्या मेनूत वरून तिसरं होतं. नव्या मेनूत वरून तिसरं आहे 'बंद करा'.

मॅडमसमोरच मी पहिल्या मशीनवर बसलेल्या कमळमावशींवर ओरडले, "अहो, समोर लिहिलंय ना! वाचता येतं ना तुम्हाला?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "येतं की. पर तुमीच सांगितलं हुतं बाई, वरून तिसरं."

खरंय. पहिल्या दिवशी त्या स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत होत्या, ले... ख... आणि मला घाई. मीच म्हणाले होते, "वाचत बसू नका मावशी, मोजा."