नैर्ऋत्येचं पाणी

३ फेब्रुवारी
उदगीरहून निघालेली बोअरची गाडी परत पाठवली. कुंडाच्या कमिटीला बायकांच्या स्नानघरासाठी बोअर हवी ईशान्येला, गरम कुंडाला खेटून. अध्यक्ष गुरुपादप्पा म्हणाले, "गुरुजी, ईशान्येला पाणी शुभ. वास्तूचे श्लोक तर तुम्हाला पाठ हायत."
पाठ आहेत. पाण्याला आहेत का, ते ठाऊक नाही. आधी तपासणी, मग भोक.

५ फेब्रुवारी
नांदेडहून भूगर्भतज्ज्ञ वर्षाराणीबाई आल्या. लोखंडी खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या, जमिनीत वीज सोडली. गरम, ओल्या खडकातून ती सहज जाते, कोरड्यात अडखळते. त्यावरून खालचा नकाशा.
गावातली शरणम्मा कुंडावर न्हाऊन निघाली होती. थांबलीच.
"बाई, जमिनीला शॉक देऊन राहिलाव का?"
"हाव मावशी. कुठं दुखतंय, तीच सांगती."
मग ओल्या लुगड्यानं चहाच्या टपरीपुढून घरी गेली. सगळ्याच बायका तशाच जातात. बंद स्नानघर झालंच पाहिजे — नुसतं माझ्या पेपरातल्या सदरापुरतं नव्हे.

८ फेब्रुवारी
नकाशा आला. गरम पाणी एका भेगेतून कुंडात चढतं. ईशान्येला बोअर मारली तर भेग तिथेच फुटेल, कुंड आटेल. नैर्ऋत्येला भेग रुंद आहे. तिथून थोडं घेतलं तर चालेल.
नैर्ऋत्येला लिंगायतांची रुद्रभूमी. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. बाईंनी नकाशावर जिथे लाल गोल केला तिथे, गेल्या पोळ्यापासून, गुरुपादप्पांची बायको नीलम्मा बसली आहे. गाडी लावायची तर समाधी हलवावी लागेल.

९ फेब्रुवारी
गुरुपादप्पांना सांगायला मीच गेलो. पेपरात लिहिणं फार सोपं असतं.
अप्पांनी सगळं ऐकलं. "ईशान्येलाच मारा."
"कुंड जाईल."
"जाऊ द्या."
"मी उद्या परत येतो, अप्पा. परवाही येतो."
"या की. चहा मिळंल. जागा न्हाई."

१० फेब्रुवारी
गेलो. चहा मिळाला.

११ फेब्रुवारी
गेलो. आज साखर कमी. शरणम्मालाही नेलं होतं. निघताना तिनं नीलम्माच्या फोटोला हात लावला.

१२ फेब्रुवारी
सकाळी अप्पाच माझ्या दारात. हाताला माती.
"मठातल्या स्वामींना विचारलो. तिला वरच्या बांधाला नेऊ म्हणाले. बोअरच्या जागेची खुंटी मीच ठोकून आलो."

पायरी उतरून थांबले. "नीलम्मा थंडीतबी ओल्यानंच यायची हो घरी. गुरुजी, स्नानघराला कडी आतून लावा."