किसनरावच्या वतीनं

मुक्काम धाड, आश्रम
शुक्रवार

चि. सौ. जयमालास इंद्रभानदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे, जावईबापूंची साखर आणि साखरखेर्ड्याची एकंदर हवा ठीक असेल असं गृहीत धरतो. (जावईबापूंना त्यांच्या साखरेबद्दल विचारलेलं आवडत नाही, म्हणून तुलाच विचारलं.) इकडे मी खुशाल आहे. हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं म्हणून लिहिलं, त्यात कितपत खरं ते पुढे येईलच. दिवाळीला फोन होतो आपला, पण फोनवर तू आधी रडतेस, मग मी हवापाण्याचं बोलतो आणि सांगायचं ते राहून जातं. कागद रडत नाही, म्हणून कागद घेतला.

तर आमच्या या वृद्धाश्रमात दर गुरुवारी अकरा वाजता मनाची डॉक्टरीण येते. येते म्हणजे नागपुरातच बसते आणि इथे पाटीएवढ्या मोबाइलवर दिसते. मयुरी नावाची आमची नर्स आहे, तिने खटपट करून ही सोय आणली. पण रेंज येते फक्त फाटकाजवळच्या बोअरपाशी, त्यामुळे खुर्च्याही तिथेच मांडाव्या लागतात आणि कोणी मोटर चालू केली की डॉक्टरीणबाईंचे नुसतेच ओठ हलतात. पहिल्या गुरुवारी सगळा आश्रम टीव्हीचा कार्यक्रम समजून जमला. कोकिळाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तब्येत विचारायच्या आत यांनीच तिला शिकली किती, माहेर कुठलं, दिलं कुठे हे सगळं विचारून घेतलं. पोरगी गुणाची, तिने एकूण एक सांगितलं. त्यात दहा मिनिटं गेली. (कोकिळाबाईंचं मत असं की डॉक्टरीण बरी आहे, पण वाळली फार.)

आता किसनरावचं सांगतो. हा माझ्या खोलीतला सोबती. धाडच्या पंचक्रोशीत याचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. नुसता भोंगा लावून थांबणारा माणूस नव्हे, माईकही स्वतःच धरायचा. वरबाप कुठे असतील तिथून त्यांनी मंडपात यावं, हे याने चाळीस वर्षं सांगितलं. असा माणूस चार महिने एक शब्द बोलला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडायचा, अर्धी भाकर खायचा, अर्धी तशीच. सगळे म्हणत, वय झालं. मयुरी म्हणाली, वय तर सगळ्यांचंच झालं आहे, मग बाकीचे कसे बोलतात? तिने त्याचं नाव गुरुवारच्या यादीत घातलं आणि त्याच्या शेजारी मला बसवलं, कारण तो उत्तरं देणार नाही हे ठरलेलंच होतं.

माझी सवय तुला ठाऊक आहे. बुलढाण्याला कचेरीसमोर बसून मी अडतीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. समोरच्याला बोलता येत नसेल तर त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि त्याच्या वतीने लिहून टाकायचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोप लागते का? किसनराव बोअरकडे बघत बसला. मी म्हणालो, नाही लागत, दोनला डोळा उघडतो, मग पंख्याची तीन पाती पुन्हापुन्हा मोजायची. जेवण? म्हटलं, वरणात मीठ आहे की नाही तेही कळत नाही. करमणूक काही? म्हटलं, पेपर येतो, पण घडी मोडावीशी वाटत नाही, आणि सकाळी जाग आली की हे उजाडलंच कशाला असं वाटतं. ती पोरगी भराभर लिहून घेत होती आणि मलाही, खरं सांगतो, अर्ज चांगला वठल्याचं समाधान वाटत होतं. शेवटी तिने विचारलं, हे कधीपासून? मी म्हणालो, वत्सला गेल्यापासून.

ती समोरचा कागद बघून म्हणाली, पण हे तर अविवाहित आहेत.

आणि जयमाला, चार महिन्यांनी किसनराव बोलला. म्हणाला, "वत्सला याची बायको. माह्यं तं लगनच नाही झालं." (तालुक्यातली निम्मी लग्नं ज्याने गाजवली, त्याचं.)

मयुरीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, कारण किसनराव बोलला. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, एका नागपूरच्या पोरीशिवाय. तिने विचारलं, आजोबा, मग हे सगळं तुम्ही कोणाचं सांगत होता? तेवढ्यात मोटर सुरू झाली. मला वाटलं, सुटलो. पण मयुरी धावत जाऊन बंद करून आली आणि प्रश्न तसाच उभा. मी म्हणालो, माझं.

तुला सांगितलं होतं की मी इथे मदतनीस म्हणून राहतो, अर्जबिर्ज लिहून देतो. ते तितकंसं खरं नाही. सात नंबरची खाट माझीच आहे.

मग बाकीच्यांना ओसरीवर पाठवलं आणि ती आम्हा दोघांशी वेगवेगळी बोलली, माझ्याशी चांगली पाऊण तास. म्हणाली, या दुखण्याला नाव आहे आणि औषधही आहे, म्हातारपण हे त्याचं नाव नव्हे. बुलढाण्याला नेऊन दोघांचं रक्त तपासलं, गोळ्या चालू झाल्या. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील असं तिने आधीच बजावलं होतं, त्यामुळे मी रोज सकाळी गुण आला का म्हणून स्वतःकडे बघत बसलो नाही. (बसलो. पण थोडा वेळच.) किसनरावचे कानही बरेच गेलेले निघाले, त्या दिवशी मी शेजारून मोठ्याने बोललो तेवढंच त्याला कळलं होतं. म्हणाला, "लोक काय बोलून राह्यले ते समजेच ना. मंग मीबी सोडून देल्लं." आता यंत्र लागलं आहे. दीड भाकर खातो आणि कोणी विचारलं तर उत्तर देतो. कोणी विचारलं नाही तरी देतो.

आज सहा आठवडे झाले. मी पाचपर्यंत झोपतो. परवा वरण खारट लागलं, तर इतका आनंद झाला की स्वयंपाकिणीला जाऊन सांगितलं. ती अजून रागावलेली आहे. काल मध्येच रेंज गेली आणि डॉक्टरीणबाई तोंड उघडं ठेवून थिजल्या. समोर कोकिळाबाई होत्या. त्यांनी त्या थिजलेल्या चेहऱ्याला वीस मिनिटं सुनेचं सगळं पुराण ऐकवलं. रेंज आली तेव्हा म्हणाल्या, झालं माझं सांगून, बरं वाटलं, आणि उठल्या. मला मात्र वीस मिनिटं हसू आवरेना. असं हसायला मला दोन वर्षं लागली.

जावईबापूंना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद.

तुझा
दादा

ता. क. डॉक्टरीणबाई म्हणतात, येत्या गुरुवारी घरचं एक माणूस शेजारी बसावं. हर्षल पुण्याहून फोनवर येईल, पण त्याला मी बाप म्हणूनच ठाऊक. म्हणून तुला न विचारता तुझं नाव दिलं. चिखलीला गाडी बदलावी लागेल. जमलं नाही तर काही बिघडत नाही.

पुन्हा ता. क. बिघडतं. वत्सलाच्या तेराव्याला तू म्हणालीस, दादा, चाल माह्या घरी. मी चार लोकांदेखत तुला म्हणालो, मला कोणाच्या तुकड्यांवर जगायचं नाही. तू पदर सावरून गाडीत बसलीस, ते मला दिसतं. लोकांसाठी हजार माफीनामे लिहिले, स्वतःचा लिहिताना चार कागद फाडले. हा पाचवा.

बाई, मी किसनराव. खालचं माह्या हातचं हाय, अक्षर समजून घ्या. यानं हे पत्र धा दिवस उशीखाली ठेवलं. गुरुवार निघून गेला. डॉक्टरीणबाईनं पुसलं, बहीण काऊन नाही आली? तं हा म्हणे, गाडी भेटली नसन. तुमाले कोणी सांगतलंच नाही तं तुमी येसान कशा? म्हणून आज मीच पोस्टात टाकून राह्यलो. पुढच्या गुरुवारी या, अकराच्या आंधी. याले मी काही सांगत नाही.