टॉवेलाखालचा पडदा

३ तारीख, सोमवार

लागली एकदाची नोकरी! नागरिक नोंदणी कचेरीत, डेटाबेस सांभाळायला. ताईनं नवा शर्ट घेतला, कॉलर नीट करत म्हणाली की आता तरी माझ्या जिवाला घोर लावू नकोस. आई गेल्यापासून तीच माझी आई.

कचेरीत तिघंच. मॅडम, तोंडाला कुलूप लावलेले काका आणि मी. महिन्यातून एकदा एक लांबलचक क्वेरी, म्हणजे संगणकाला दिलेला हुकूम, चालते, बाद ठरलेल्या माणसांच्या नोंदी पुसून टाकते. ती संपेपर्यंत पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. काका पडद्यावर टॉवेल टाकतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. मला हसू आवरेना.

४ तारीख

क्वेरी सगळे संदेश पोटात धरून बसायची आणि शेवटी एकदम ओकायची. मी दोन ओळी घातल्या. आता चालू नाव, किती टक्के, सगळं लगेच दिसेल. काका खवळले. म्हणाले, पावलोपावली थांबून बोलायला लावलंस तर एकेक नाव रखडेल. आधी डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं. म्हटलं, रखडू दे की, दिसेल तर खरं! मॅडम खूश. मी तर हवेतच.

६ तारीख

आज क्वेरी सुरू झाली. पहिलं नाव आमच्या गल्लीतल्या शिंप्याचं. चांगला जिवंत माणूस, बाद कसा? बारा टक्क्यांना त्याची वाचा गेली. तिसाला पावलं. रक्त नाही, जखम नाही. नुसती नाहीत. बायको ऊर बडवतेय.

काकांना गदागदा हलवलं. म्हणाले, आधी माणूस क्षणात जायचा, लोकांच्या आठवणीसकट. कुणी रडायचं नाही. हे हप्त्याहप्त्यानं मरणं तुझी करामत.

८ तारीख

शिंपी शंभर टक्के.

पुढचं नाव ताईचं.

९ तारीख

यादीतून तिचं नाव खोडलं. परत आलं. काका म्हणाले, येतंच.

बारा टक्के. ताईचा आवाज गेला. मी क्वेरीच बंद पाडली. चालू नाव अर्धवट सुटलं की झालेलं सगळं मागे फिरतं. ताई बोलली! मी लहान पोरासारखा रडलो.

मॅडमनी शांतपणे पुन्हा चालू केली. माझ्या ओळींसकट. खुर्ची पुढे ओढून बसल्यात. त्यांना बघायला आवडतंय.

१० तारीख

पुन्हा बंद पाडली. पुन्हा चालू. आवाज, मग पावलं, मग — दर वेळी पहिल्यापासून. आणि तिला मागचं सगळं आठवतं. देवा, काय करून बसलो मी —

११ तारीख

ताईचे हात तेवढे उरलेत. पाटीवर लिहिलंन, बाळ्या, त्या ओळी काढ. पटकन होऊ दे.

नाही होणार माझ्याच्यानं.

पाटी पुन्हा पुढे केली —

काढतो.

१२ तारीख

ओळी काढल्या. पडदा काळा. काकांनी वर टॉवेल टाकला.

मोकळं वाटतंय. डोळे मात्र सुजलेत, का कोण जाणे.

मागची पानं चाळली. कुणा ताईबद्दल लिहिलंय. अक्षर माझंच. पण मला बहीण कुठे आहे? शर्ट छान आहे. कुणी घेतला आठवत नाही.

काका आज भिंतीकडे बघत नाहीत. माझ्याकडे बघतायत. डोळे भरलेत त्यांचे. मी विचारलं, काका, आता कुणाचं नाव चालू आ